ज्यानं दारात पोचवलं त्याचं नाव

तू आधी बूड टेक आणि नुसतं ऐक. मधे "मग, मग" करू नकोस, मी सांगतोयच.

तर आपला पुंडलिक. घर खाडीकडं, घरचे सगळे मिठागरात राबणारे, हा एकटा रोह्याला कंपनीत शिफ्टला जाणारा. त्याला मुलगा झाला, बाळ-बाळंतीण घरी आली, बारसं तोंडावर आलं. आणि एका सकाळी त्याची आई, धोंडुबाई, चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता, बाजारातनं काय आणायचं ते सांगावं तशी म्हणाली, "नाव ठरलेलं हाय. केरू."

पुंडलिकला वाटलं ती दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय. आत बाळाला पाजत बसलेल्या त्याच्या बायकोला, सगुणाला, मात्र लगेच कळलं. ती नुसती भिंतीकडं तोंड करून बसली.

आता झालं होतं काय, ते सांगतो. सगुणाचं माहेर खांब गावचं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. तिच्या वडिलांनी, काळुराम मामांनी, पाळणा बांधून ठेवलेला, डिंकाचे लाडू करून ठेवलेले, आणि नेमकं तिला न्यायला यायच्या आधीच पोरानं घाई केली. पुंडलिक तेव्हा रोह्याला, शिफ्टवर. भर दुपारी कळा सुरू झाल्या. हायवे नेहमीसारखा खणून ठेवलेला, गाड्या जागच्या हलत नव्हत्या. शेवटी गावात फेऱ्या मारणाऱ्या केरूची मिनीडोर, म्हणजे ती मोठी रिक्षा, मिळाली आणि ती बांधावरच्या कच्च्या रस्त्यानं पेणला निघाली. मागं रेक्झिनचे पडदे सोडलेले, आत सगुणा ओरडतेय, धोंडुबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलीय, आणि एका खड्ड्यात चाक असं गेलं की म्हातारीनं देवीला हात जोडले आणि बोलून गेली, "आई, जो कोन आमाला दवाखान्याच्या दारात सुखरूप पोचवील, त्याचंच नाव पोराला ठेवीन. नाव कानात पडल्याबिगर मी भाताला शिवनार नाय."

पोचल्या. अर्ध्या तासात मुलगा झाला. आणि धोंडुबाईनं त्या दिवसापासून भात सोडला. तांदळाची भाकरी खात होती, पण भाकरी भातात धरत नाहीत असं तिचं म्हणणं. देवाशी एवढं ठरलेलं असावं.

गाडी केरूची, म्हणजे चालवणारा केरू. सरळ हिशेब. पुंडलिकनं आईला समजवायला बघितलं, की आजकाल असं नाव कुणी ठेवत नाही, पोरगं शाळेत जाईल, पोरं चिडवतील. ती म्हणाली, "नवस मी बोलले. तू तवा कंपनीत व्हतास."

त्यात काळुराम मामा आधीच धुमसत होते. बाळंतपण माहेरी झालं नाही, बारसंही इकडंच, तेव्हा त्यांनी निरोप धाडला होता की निदान नाव तरी मी सांगीन ते ठेवायचं, आणि ते साहिल. नाही ठेवलं तर बारशाहून सगुणाला आणि नातवाला घेऊन खांबला जाईन, परत कधी पाठवायचं ते मी बघीन. मामा बोलले की करतात. थोरल्या जावयाच्या वेळी दिवाळीला नेलेली मुलगी त्यांनी शिमगा झाल्यावर पाठवली होती.

सगुणानं नवऱ्याला एकच सांगितलं. "जा, त्या केरूला भेटा, आनि काय तो मार्ग काढा. मी माज्या पोराला केरू म्हनून हाक नाय मारायची."

पुंडलिक गेला. पेणच्या रामवाडीला हायवेच्या कडेला मिनीडोर लागतात, तिथं केरू तंबाखू मळत उभा होता. पन्नाशीचा माणूस, बोलणं कमी. पुंडलिकनं नवसाचं सगळं सांगितलं. केरूचा तंबाखू मळायचा हात थांबला.

"माजं नाव?"

"व्हय. आई ऐकत नाय."

"मी कुटं व्हतो?" केरू घाईनं म्हणाला. "मी त्या दिवशी खांबला हळदीला गेलेलो. गाडी सलीमकडं दिलेली. बांधावरनं त्यानंच आनली. काय ठेवायचं ते त्याचं ठेवा."

आणि त्यानं तंबाखू तोंडात टाकला, म्हणजे आता बोलायची सोय नाही.

सलीम तिथंच होता. चोवीस-पंचवीसचा काटकुळा पोरगा, वर्तमानपत्राच्या बोळ्यानं गाडीची काच पुसत होता. त्यानं सगळं ऐकलेलं होतं, कारण काचेवरची एकच जागा तो केव्हापासून पुसत होता. पुंडलिक त्याच्याकडं वळला तसा तो केरूकडं बघायला लागला. केरूनं मान डोलावली.

"चालवली भाऊ, गाडी चालवली मी," सलीम म्हणाला.

पुंडलिक गाडीच्या पायरीवर बसला. एका बाजूनं मोकळा झाल्यासारखं वाटलं, दुसऱ्या बाजूनं काळुराम मामांचा चेहरा समोर आला. मामांना सांगायला काहीतरी हाताशी असावं म्हणून त्यानं विचारलं, सलीम म्हणजे काय?

"म्हंजे मीच."

"तसं नाय. अर्थ."

सलीमनं खरंच विचार केला. "आजीनं ठेवलं. अर्थ कदी कुनी विचारला नाय. लायसनच्या वेळी पन नाय विचारला." मग म्हणाला, त्याचे इब्राहिम मामू आयुष्यभर कुवेतला होते, आता घरी असतात, त्यांना विचारतो.

त्यानं मामूंना विचारलं की नाही माहीत नाही, पण आईला सांगितलं. कारण पुंडलिक रोह्याची शिफ्ट करून दुसऱ्या दिवशी घरी येतो तर ओट्यावर वाफवलेल्या गोड सांदणांचा डबा. सलीमची आई स्वतः येऊन देऊन गेली होती. माझ्या पोराच्या नावाचं पोर खाडीकडं होतंय, असं तिनं सगळ्या मोहल्ल्यात सांगितलं होतं, आणि धोंडुबाईच्या हाताला धरून रडली पण होती. धोंडुबाईही रडली. आता माघार घ्यायला जागाच नव्हती.

घरात धोंडुबाईचं म्हणणं काय, तर काहीच नाही. चालवणारा सलीम, तर नाव सलीम. पीर काय, देवी काय, म्हातारीनं आयुष्यभर दोघांपुढंही नारळ फोडलेले. सगुणानं नाव एकदा तोंडात घोळवून बघितलं.

"सलीम," ती बाळाकडं बघून म्हणाली. मग परत, "सलीम. बरं हाय. केरूपरीस कितीतरी बरं हाय."

"आनि तुझा बाप?" पुंडलिक म्हणाला.

"त्याचं तुमी बघा."

मग पुंडलिकनं डोकं चालवलं. आपल्यात नाव पहिल्यांदा आत्या बाळाच्या कानात सांगते, हो की नाही? कानात म्हणजे कानात. तेव्हा आत्यानं कानात सलीम म्हणायचं, नवस फिटला. मग मोठ्यानं साहिल म्हणायचं, मामा खूश. पाळण्यातलं एक, शाळेतलं एक, अशी दोन नावं निम्म्या गावाला असतात. कुणाला काही कळायचं कारण नाही. धोंडुबाईला चाललं, ती म्हणाली, देवाला कानातलं पन ऐकू येतं.

आता यात एकच खोट होती, आणि ती पुंडलिकच्या लक्षात यायला हवी होती. त्याची बहीण शांती. शांती लहानपणापासून मिठागरात. मिठागरात माणसं बोलतात कशी? या बांधावरनं त्या बांधावर, मधे वारा, समोरून खाडीचा आवाज. तिथं हळू बोलून कुणाला काय कळणार? शांती शेजारी बसलेल्याला पाणी दे म्हणाली तरी पलीकडच्या घरातनं कुणीतरी तांब्या घेऊन येतं. पुंडलिकनं तिची तालीम घेतली. ती उशीच्या कानात नाव सांगायची आणि तो अंगणातनं विचारायचा, काय म्हणालीस? ऐकू आलं की परत. शेवटी शेवटी जमलं. निदान उशीपाशी जमलं.

बारशाला अंगणात मांडव घातला. काळुराम मामा खांबहून आले, बरोबर पाळणा आणि वालाचं पोतं. केरू आला, सलीम आला, त्याची आई आली, आणि पांढऱ्या सदऱ्यात इब्राहिम मामू आले. ज्याच्यामुळं नातू सुखरूप झाला त्याला बोलवायलाच पाहिजे, असं काळुराम मामाच म्हणाले. त्यांनी स्वतः सलीमच्या हातात नारळ दिला. पुंडलिकनं ते बघितलं आणि शांतीला परत एकदा खुणेनं बजावलं, हळू.

बायकांनी बाळाला पाळण्याच्या खालून-वरून घेतलं, पाळण्यात घातलं. सगळ्या गप्प झाल्या. शांती वाकली. दोन्ही हात तोंडाशी धरले. आता बघ, हात तोंडाशी धरायची सवय तिला कशाची? हाक मारायची. मिठागरात तशीच मारतात. हात तोंडाशी गेले आणि तालीम सगळी विसरली.

"सलीम," शांती म्हणाली.

बाळ दचकून रडायला लागलं. रस्त्यावरनं सायकलवर चाललेल्या एकानं मागं वळून बघितलं. धोंडुबाईनं समाधानानं डोळे मिटले. रीतीप्रमाणं शांतीच्या पाठीत बुक्के घालायला बायकांनी मुठी उचललेल्या, त्या तशाच वर राहिल्या.

काळुराम मामा उठले. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "सगुणा, पिशवी भर," ते म्हणाले. "पोराला गुंडाळ. आपन निघालो."

पुंडलिक आडवा गेला, नवसाचं सांगायला लागला, पण त्याचं सगळं एकात एक अडकायला लागलं. मामांचं म्हणणं एवढंच, की नवस असेल तर देवीला साडी नेसवा, कोंबडा द्या, पण माझ्या नातवाला आपल्यातलं नाव पाहिजे. मी सांगितलं होतं ना, साहिल.

तेव्हा इब्राहिम मामूंनी घसा साफ केला. माणूस कधीपासून कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघत बसला होता.

"पावनं, साहिल चांगलंच हाय," मामू म्हणाले. "पन ते पन आमच्याकडचंच हाय."

"कुटलं?"

"अरबी. साहिल म्हंजे किनारा. खाडीचा काठ."

मामा उभेच राहिले. त्यांनी साहिल नाव कुठनं घेतलं होतं? त्यांच्या चुलत पुतण्याच्या मुलाचं ते होतं, त्यानं कुठूनतरी टीव्हीवरनं घेतलेलं. आपल्यातलं म्हणजे आपल्या घरातलं, एवढंच मामांना माहीत. ते हळूच म्हणाले, "मग सलीमचा अर्थ काय?"

"सलीम म्हंजे सुखरूप," मामू म्हणाले. "धड. सगळा जागच्या जागी."

धोंडुबाईनं डोळे उघडले. सुखरूप पोचव म्हणून ती बोलली होती, आणि तो शब्द तिला कुणी शिकवला नव्हता. ती म्हणाली, "बघा."

पण मामू आता थांबणार नव्हते. त्यांनी सांगायला घेतलं, की कुवेतला वाळवंटात एक म्हातारा होता, त्यानं हे सांगितलेलं. फार जुन्या काळी अरबांच्यात ज्याला साप चावला...

"अवो, दिवे लागायची वेळ झाली," एक बाई म्हणाली. "त्याचं नाव नका घेऊ. जनावर म्हना."

मामूंना एवढा आनंद झाला की ते मांडी बदलून बसले. "हाच. हाच सांगतंय मी. त्याला जनावर चावलं तर ते लोक चावलं म्हनायचे नाय. त्या मानसालाच सलीम म्हनायचे. मरायला टेकलेला मानूस, आनि त्याला म्हनायचे सुखरूप. का? चांगला बोलायचा, म्हंजे चांगला होतो. तुमी नाय, बांगडी फुटली तर वाढली म्हनत?"

मांडवात सगळ्या बायकांनी आपापल्या हातांकडं बघितलं.

काळुराम मामा खाली बसले. कुणी सांगितलं नाही, आपले आपण बसले. त्यांचंही असंच झालं होतं, ऐन जवानीत, वालाच्या शेतात. सगळं खांब त्यांना ओळखायचं ते त्यावरनं. आणि तेव्हा गावात कुणी चावलं म्हणालं नव्हतं. "काळूला पान लागलं," असं म्हणत घोंगडीत घालून पळवलं होतं त्यांना. त्यांनी धोतर सारून पोटरीवरचा डाग सगळ्यांना दाखवला. दाखवायची संधी ते सोडत नसत.

"म्हंजे तवा मी सलीम झालेलो," ते मामूंना म्हणाले.

"झालेलाव. अजून हाव. बसलाव ना समोर."

मामांनी डागाकडं बघितलं. मग बाळाकडं. "माजंच नाव ठेवलंन म्हना की," ते म्हणाले, आणि शांतीच्या पाठीत पहिला बुक्का त्यांनीच घातला.

मग सगळं सैल झालं. मामूंनी पुंडलिकला विचारलं, पुंडलिक म्हणजे काय. पुंडलिक म्हणाला, तो विटेवाला. मामू म्हणाले, तो कोण ते मला ठाऊक आहे, नावाचा अर्थ काय? बीएस्सी झालेला एक भाचा होता, तो उठून पाणी प्यायला गेला. मग धोंडुबाई म्हणाली, माझा अर्थ सोपा आहे. "माज्या आधीच्या तिघी बहिनी नाय जगल्या. म्हनून माजं नाव धोंडा. धोंड्याला कोन नेतंय?"

केरू कोपऱ्यात बसला होता. त्यानं खाली मान घातली. तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं.

पंगत बसली. पुंडलिक वालाचं बिरडं वाढत होता. काळुराम मामा रंगात आले होते, केरूला म्हणाले, "पोटभर जेव रे बाबा. हळदीला तर पानात भात टाकून उठलास. भर दुपारी एस्टी धरलीस. मी सोता बघितलं."

पुंडलिकच्या हातातला वाढायचा डाव हवेतच राहिला. सगुणाला कळा सुरू झाल्या त्या दुपारी. पेणला पोचायला संध्याकाळ झाली. दुपारची एसटी धरलेला केरू, हायवे कितीही अडला तरी, त्याच्या आधी रामवाडीला उतरला असणार. त्यानं केरूकडं बघितलं. केरू बिरड्यातला एकेक वाल निवडून खात होता. सलीमकडं बघितलं, तर सलीम हात धुवायला उठला होता, अर्धं जेवण टाकून.

मांडवामागं मिनीडोर उभी होती. तिथं पुंडलिकनं सलीमला गाठलं, आणि पाठोपाठ केरूही आला. सलीमला फार विचारावं लागलं नाही. बांधावरनं रामवाडीपर्यंत गाडी त्यानं आणली, हे खरं. पण मागं वहिनी ओरडली की त्याचा पाय ब्रेकवर जायचा. रामवाडीला ट्रॅफिकमधे गाडी तिरकी अडकली आणि त्याच्या हातापायातलं सगळं गेलं. केरूला गाडी दुसऱ्याच्या हातात दिली की अन्न गोड लागत नाही, म्हणून तो हळद सोडून आलेला, स्टँडवर गाडीची वाट बघत उभा. त्यानं आपली गाडी बघितली, सलीमला खाली ओढलं, पायरीवर उभं केलं, आणि गल्लीबोळातनं काढत थेट दवाखान्याच्या दारात नेली. मागं पडदे सोडलेले. बायकांना काय कळणार पुढं कोण आहे ते?

"म्हंजे दारात पोचवलं कुनी?" पुंडलिकनं विचारलं.

केरू गाडीच्या टपाला टेकून उभा राहिला. "मी खोटं बोल्लो नाय," तो म्हणाला. "हळदीला गेलो व्हतो. बांधावरनं सलीमनंच आनली."

"पन का?"

"तुज्या आयेचं आताच ऐकलंस ना? माजं पन तेच. आयेनं मला केरात ठेवून परत उचलला. केर म्हनून कुनी नेऊ नये म्हनून. तिचं बराबर व्हतं, मी जगलो. पन शाळेत रोज पोरं म्हनायची, केर काढा रे." त्यानं मांडवाकडं बघितलं. "तुज्या पोराला कशाला? आता दवाखानं झालेत. आनि सलीम म्हंजे तरी काय? सुखरूप. आयेला तेच तर पायजे व्हतं."

सलीम म्हणाला, त्याला हे सांगायचं होतं, पण आईनं तोवर सांदणं करायला घेतली होती.

तेवढ्यात आतनं हाक आली. पुंडलिक दारात जाऊन उभा राहिला. धोंडुबाईपुढं ताट होतं आणि ताटात भात, इतक्या दिवसांनी पहिला. तिनं त्यावर बिरडं घालून घास कालवला होता. काळुराम मामा पाळणा हलवत पोराला सांगत होते, की सलीम, तुला आनि मला दोघांना काय सुदीक होत नाय. सगुणा बापाकडं बघून तोंडाला पदर लावून हसत होती. सलीमची आई धोंडुबाईला वारा घालत होती. मागं अंगणात केरू उभा होता आणि पुंडलिककडं बघून नुसता मान हलवत होता, नाही, नाही.

धोंडुबाईनं घास उचलला. तोंडापाशी नेला आणि थांबली. मुलाचा चेहरा आईला कळतो ना.

"काय रे," ती म्हणाली, "नवस फिटला ना बराबर? खाऊ मी?"

घास तिच्या हातात, आणि सगळे पुंडलिककडं बघतायत. आता तू सांग, त्या दारात तू असतास तर काय म्हणाला असतास?